साडेपाचची कडी

उशीला डोकं नसतं. तरीही तात्या चिवट्यांनी तिच्यावरून हात फिरवला, अगदी हलक्या हातानं, दोनदा, आणि मग तिची नसलेली बट बोटानं कानामागं सारली. दारात उभी असलेली त्यांची सून तोंडाला पदर लावून आत निघून गेली. रोज दुपारी त्या जागी तिची सात वर्षांची मुलगी बसायची. आज मुलीला मुद्दाम शेजारी पाठवलं होतं आणि तिच्या जागी उशी ठेवली होती. ठेवणारी होती त्रिशला मगदूम, हेतू तपासणी केंद्र, सांगली.

"पण मॅडम, ते रोज करतात हो," तात्यांचा मुलगा म्हणाला. तात्यांच्या डोक्यावर होती तशीच तारांची टोपी त्याच्याही डोक्यावर होती. घरातल्या एका धडधाकट माणसालाही टोपी घालायची, म्हणजे यंत्र नीट चालतंय याची खात्री होते, असा नियम होता. "एक दिवस चुकवत नाहीत."

"तीच तर अडचण आहे," त्रिशला म्हणाली. "एखादा दिवस चुकले असते, आज उशी बघून हात मागं घेतला असता, तर मी आनंदानं दाखला दिला असता. सवय मोडते तिथं माणूस असतो." तिनं पाटीसारखा पडदा त्याच्यापुढं केला. त्यावरची तात्यांची रेषा पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. "राग मानू नका. आलेख बोलतो, मी नाही."

हे वाक्य तिनं चार वर्षांत इतक्या घरांतून म्हटलं होतं की आता ते तिला म्हणावं लागत नसे. ते आपलं आपण बाहेर पडायचं.

कृती आणि वर्तन यांत फरक तो काय, हात तोच हलतो ना, असं लोक विचारत. त्रिशला लाइटच्या बटणाचं उदाहरण द्यायची. लाइट गेलेली असते, आपल्याला ते पक्कं ठाऊक असतं, तरी न्हाणीघरात शिरताना हात बटणावर जातोच. उजेड हवा म्हणून बटण दाबणं ही कृती. उजेड पडणार नाही हे माहीत असून दाबणं हे वर्तन. बोट तेच, बटणही तेच. पण पुढं काय व्हावं याचं चित्र पहिल्या वेळी मनात असतं आणि दुसऱ्या वेळी नसतं.

मेंदूत याचे दोन रस्ते आहेत. एक कपाळामागून जातो. तिथं आधी फळाचं चित्र उमटतं, 'हे व्हावं' असं वाटतं, आणि मग हात हलतो. तीच गोष्ट शेकडो वेळा केली की मेंदू ती खाली तळाशी असलेल्या गाठींकडं सोपवून देतो आणि कपाळ मोकळं होतं. तो दुसरा रस्ता. दांडी दाबली की शेंगदाणा मिळतो हे शिकलेला उंदीर, पुढं पोट तुडुंब भरलेलं असलं तरी दांडी दाबत राहतो, हे जुन्या शास्त्रज्ञांनाही माहीत होतं. माणसाच्या मनातलं ते चित्र टिपणारं यंत्र यायला मात्र बराच काळ गेला. त्याचं नाव हेतुलेखक. हालचालीच्या आधीच्या तीन सेकंदांत कपाळामागं लाट उठली तर कृती. नाही उठली तर वर्तन.

यंत्र आल्यावर पहिल्यांदा वकिलांनी हात धुऊन घेतले. घटस्फोटाच्या खटल्यांत नवऱ्याचं 'सॉरी' तपासून मिळू लागलं, आणि बरेच नवरे नापास झाले. मग कायदा आला. म्हातारी माणसं उदंड झाली होती आणि त्यांना सांभाळणारे हात थोडे होते. सरकारी मदतनीस कुणाच्या घरी पाठवायचा? ज्याच्या हातून अजून कृती घडते त्याच्या. त्याला मिळायचा कर्ता दाखला, दर दोन वर्षांनी नव्यानं. ज्याच्यात नुसतं वर्तन उरलं तो सांभाळगृहात. घरच्यांनी नोकरी सोडून सांभाळायचं म्हटलं तरी परवानगी नव्हती. अशा माणसाजवळ दोन शिकलेले मदतनीस हवेत, आणि ते सगळे सांभाळगृहातच नेमलेले. नुसतं वर्तन उरलेल्या माणसांना केंद्रातले लोक चहा पिताना 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' म्हणायचे. त्रिशलाही हसायची.

चिवट्यांच्या घरून ती निघाली तेव्हा पाच वाजून गेले होते. तिला साडेपाचला घरी पोचायचं होतं.

तिचा नवरा सुकुमार एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. तीस वर्षं त्यानं कोल्हापूर, मिरज, विटा, जत अशा गाड्यांच्या वेळा माइकवरून पुकारल्या. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की त्याच्या मेंदूचा पुढचा भाग झिजत चाललाय. आधी हिशेबी बोलणं गेलं, मग विनोद गेले, मग नावं. गेली दोन वर्षं त्याच्याजवळ एकच शब्द उरला होता. सकाळी घरातून निघताना त्रिशला म्हणायची, "येते हं." जाणाऱ्यानं 'जाते' म्हणू नये, हे त्या घरात कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. आणि सुकुमार खुर्चीतून म्हणायचा, "ये."

मदतनीस पाच वाजता गेली की तो आतून कडी लावून बसायचा. साडेपाच झाले की उठून कडी काढायचा, दार पुरतं उघडायचा आणि बाजूला उभा राहायचा. त्रिशला चपला काढून आत आली की दार लावायचा. सुट्टीच्या दिवशीही ती भाजी घेऊन साडेपाचलाच परतायची, आणि सहा वर्षांत तो एकदाही चुकला नाही. तिला कधी उशीर झाला तर तो उघड्या दारात रस्त्याकडं बघत उभा असायचा. दिवसभर लोकांच्या घरी सरळ रेषा दाखवून आल्यावर त्रिशलाला हे दार दिसायचं आणि तिला वाटायचं, आपल्या घरी निदान कुणीतरी वाट बघतंय.

त्या दिवशीही त्यानं दार उघडलं. आत टेबलावर पत्र पडलं होतं. सुकुमार मगदूम, वय त्रेसष्ट, कर्ता दाखल्याची फेरतपासणी, येता गुरुवार.

*

घरच्या माणसाची तपासणी घरच्यांनी करायची नाही, म्हणून केंद्रानं तबस्सुम नदाफला पाठवलं. तबस्सुमला हे काम त्रिशलानंच शिकवलं होतं. गुरुवारी सकाळी तिनं दोघांच्या डोक्यावर टोप्या चढवल्या आणि कोपऱ्यात स्टूल घेऊन बसली. त्रिशलानं रजा काढली होती.

दिवसभर सुकुमारनं काही वेगळं केलं नाही. नळाच्या फडक्यातून पाणी गाळून घेतलं. रेषा सरळ. चपात्या मोडून खाल्ल्या. रेषा सरळ. दुपारी बराच वेळ टोपीच्या तारांशी चाळा केला. त्रिशलाला शिकलेलं सगळं आठवत होतं आणि त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं. त्याला सुचवायचं नाही, खुणावायचं नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या गोष्टीची लाट मोजत नाहीत.

"आता साडेपाचच राहिलं, मॅडम," तबस्सुम हळूच म्हणाली.

साडेपाचची चाचणी साधी होती. सुकुमार दार कशासाठी उघडतो? त्रिशला बाहेरून यावी म्हणून. म्हणजे ती आत बसलेली असताना उघडायचं कारण उरत नाही. ती समोर दिसत असून तो उठला, तर ते उशीवरून हात फिरवणंच. तो बसून राहिला, तर आत माणूस आहे.

त्रिशला त्याच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. पाच पंचवीसला त्यानं शर्टाची पुढची बाजू सरळ केली. ती त्याच्याकडं बघत होती. बसा हो, ती मनातल्या मनात म्हणत होती. उठू नका. मी इथंच आहे की. एवढा एकच दिवस बसा. खुर्चीचे हात तिनं इतके घट्ट धरले होते की तिची नखं पांढरी पडली.

साडेपाचला तो उठला.

उठताना त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि क्षणभर थांबला. मग दाराशी गेला, कडी काढली, दार पुरतं उघडलं आणि बाजूला उभा राहिला. रोज तो रस्त्याकडं बघायचा. आज तो आत बघत होता, तिच्याकडं. त्रिशलाला ते खटकलं. पण 'कुठं पाहिलं' असा रकाना नोंदवहीत नव्हता. तिनंच पूर्वी एकदा तो अनावश्यक म्हणून काढून टाकायला सुचवलं होतं.

बऱ्याच वेळानं ती उठली आणि दार तिनंच लावलं.

तबस्सुम पडद्याकडं बघत होती. तिला वर बघवेना. "मॅडम," ती म्हणाली, "टोपी जरा सरकली होती असं लिहिते की मी. पुढच्या महिन्यात परत घेऊ. कोण विचारतंय?"

"सरकली नव्हती."

"मला म्हायती आहे सरकली नव्हती. मी लिहिते म्हणतेय."

त्रिशलाच्या मनात काय आलं हे तिला नंतर कितीदा आठवूनही सापडलं नाही. चिवट्यांची सून आली असेल, किंवा काहीच आलं नसेल. तोंडातून मात्र बाहेर पडलं, "राग मानू नका. आलेख बोलतो, मी नाही." कुणाला म्हणाली, तेही ठाऊक नाही. खोलीत राग मानणारं कुणी नव्हतं. निकाल मान्य असल्याचा घरच्यांचा कागद तिनं ओढला, खाली उजव्या कोपऱ्यात, रोज तपासनीस म्हणून करते तिथंच, सही केली आणि तारीख घातली.

त्रिशलानं तबस्सुमच्या हातातून पडदा घेतला. वरची रेषा सुकुमारची, सकाळपासून सपाट. खालची तिची स्वतःची. साडेपाचच्या आधी ती डोंगरासारखी वर गेली होती. 'बसा हो' म्हणत ती खुर्चीला चिकटून राहिली होती ती वेळ. त्यानंतर रेषा खाली आली होती. 'आलेख बोलतो' म्हणताना ती सपाट होती. सही करताना ती सपाट होती, सुकुमारच्या रेषेहून जरा जास्तच.

जिथं हेतू होता तिथं तिनं काही केलं नव्हतं. जिथं केलं, तिथं हेतू नव्हता.

"ही सही वर्तन आहे, तबस्सुम. रद्द धर."

"धरता येत नाही, मॅडम." तबस्सुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "निरोगी माणसाची सही कृतीच समजतात. तुम्हीच शिकवलंय मला."

सही झाल्या क्षणीच कागदाची नोंद वर केंद्राकडं गेली होती. सुकुमारला न्यायला गाडी सोमवारी येणार होती.

*

रविवारी सुकुमारची थोरली बहीण विमलाक्का जयसिंगपूरहून आली. येताना शेंगदाण्याची चटणी आणि भावाचे धुवून इस्त्री केलेले दोन सदरे घेऊन आली. सदरे पिशवीत भरताना ती रडली नाही. पण साडेपाचला सुकुमार उठून दाराशी गेला तसा तिनं पदर डोळ्यांना लावला.

"अजून पाळतोय बघ नियम," ती म्हणाली.

"कसला नियम, आक्का?"

"अगं, त्यानं घेतलाय की. आजाराचं कळलं त्याच आठवड्यात. माझ्यासंगट बस्तीच्या देवळात आला, मुनी महाराजांच्या म्होरं बसला. लोक कांदा-बटाटा सोडत्यात, रात्रीचं पाणी सोडत्यात. हा म्हणला, महाराज, मला काय सोडायचं नाही, धरायचं आहे. पाय चालत्यात तोवर साडेपाचला त्रिशलाला दार मी उघडणार. महाराज हसले. म्हणले, हा कसला नियम! पण दिला."

त्रिशला पलंगाच्या कडेवर बसली. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"नियम सांगत सुटायचा नसतोय बाई. आणि मला काय ठाऊक तुमचं यंत्र काय इचारतंय." आक्कानं पिशवी बाजूला सारली. "त्यात दिसला न्हाई व्हय नियम?"

"नाही."

"किती मागचं बघतंय ते?"

"तीन सेकंद."

आक्कानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू भावजय थट्टा करतेय. "तीन सेकंद? अगं, नियम एकदाच घेत्यात. रोज रोज कोण घेतंय?"

त्रिशलाला एकाएकी ते दिवस आठवले. आजाराचं निदान झाल्यावरचे पहिले दोन-तीन महिने. सुकुमार तेव्हा नीट बोलत होता, वाचत होता, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावत होता. कुठला भाग आधी जाणार? कुठला शेवटपर्यंत राहतो? डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं, कपाळ आधी जाईल, तळाच्या गाठी बराच काळ टिकतील. आणि त्यानंतर तो रोज दुपारी दाराशी बसून कडी लावायचा, काढायचा. लावायचा, काढायचा. वीसदा, तीसदा. एका रविवारी आवाजानं तिचं डोकं उठलं आणि ती ओरडली होती, "अहो, काय लहान मुलासारखं चालवलंय!" त्यानं ओशाळून हात मागं घेतला होता. थोड्या वेळानं, ती स्वयंपाकघरात गेल्यावर, पुन्हा कडीचा आवाज सुरू झाला होता, हळू, तिला ऐकू येऊ नये इतका.

कपाळामागचा रस्ता खचणार हे कळल्यावर त्यानं आपला हेतू उचलून तळाच्या रस्त्यावर नेऊन ठेवला होता, आजार पोचणार नाही तिथं. शुद्धीत असताना, समजून उमजून, घोटून घोटून. आणि ज्या बाईसाठी ठेवला, तिनंच तिथं यंत्र लावून शिक्का मारला की इथं काही नाही.

तिनं रात्रीच्या रात्री फेरविचाराचा अर्ज लिहिला. सगळं लिहिलं, बस्ती, महाराज, कडीचा सराव. अर्ज घेणाऱ्या यंत्रानं दोन मिनिटांत उत्तर पाठवलं. हेतू कृतीपूर्वी तीन सेकंदांच्या आत आढळणे आवश्यक. सुनावणी नव्वद दिवसांनी. तोवर व्यक्तीची व्यवस्था सांभाळगृहात. त्रिशलानं ते उत्तर दोनदा वाचलं. भाषा ओळखीची होती. त्यातली निम्मी वाक्यं तिच्याच जुन्या अहवालांतून उचललेली होती.

*

सांभाळगृह तासगावच्या पुढं, गावाबाहेर माळावर होतं. स्वच्छ होतं, उगाच खोटं कशाला बोला. खोलीत पलंग, खुर्ची, एक खिडकी. दाराला कडी मात्र आतून नव्हती आणि बाहेरूनही नव्हती. सगळ्या खोल्यांची दारं नुसती लोटायची. सुकुमारनं आत शिरल्याबरोबर दाराच्या फळीवरून, कडी असायला हवी त्या जागी, हात फिरवला. मग तो पलंगावर बसला.

सकाळचे अकरा वाजले होते. त्रिशलानं सदरे कपाटात लावले, चटणीचा डबा खिडकीत ठेवला, त्याच्या शर्टाची वर गेलेली कॉलर खाली केली. बाहेर पडवीत बसणारी तिथली मदतनीस मावशी दोनदा दाराशी येऊन घसा खाकरून गेली. आणखी करण्यासारखं काही उरलं नाही.

त्रिशला दारापर्यंत गेली आणि वळली. सहा वर्षं, रोज सकाळी, विचार न करता म्हटलेला शब्द. आज तो तिच्या तोंडातून सुटेना. आधी पुढचं सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं. दर रविवारची एसटी, हा माळ, ही बिनकडीची खोली, आणि नव्वद दिवसांनंतर काहीही झालं तरी आपण यायचंच आहे. मग ती म्हणाली, "येते हं."

सुकुमार तिच्याकडं बघत होता. खोलीत खिडकीबाहेरच्या पंपाचा आवाज येत होता.

"जा," तो म्हणाला.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तो पलंगावरून उठला. साडेपाच नव्हते वाजले, कुणी येणार नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. तो तिच्याजवळ आला, तिच्या दंडाला धरून तिला अलगद उंबऱ्याबाहेर केलं आणि दार आतून लोटलं. दाराला कडी नव्हती. दुसऱ्या बाजूनं त्यानं आपले दोन्ही हात दारावर टेकून धरलेले तिला फटीतून दिसले.

रागानं म्हणाला की तिला मोकळं करायला म्हणाला, हे तिला कधीच कळणार नव्हतं. गुरुवारी त्यानं दार उघडून आत तिच्याकडं पाहिलं होतं, तेव्हाही हेच म्हणायचं होतं का, तेही नाही. पण सहा वर्षांची सवय त्यानं तिच्या डोळ्यांदेखत मोडली होती, एकदा तोंडानं आणि एकदा हातानं. सवय मोडते तिथं माणूस असतो. हे तिनं शेकडो घरांत सांगितलं होतं. सुकुमारच्या डोक्यावर टोपी नव्हती. टोपी केंद्रात, तबस्सुमच्या कपाटात होती.

त्रिशला मावशीकडं धावली. "अहो मावशी, बघा, लिहून घ्या कुठंतरी. ते 'जा' म्हणाले. स्वतः म्हणाले. दार लावलं त्यांनी. आता, आत्ता, तुमच्यासमोर!"

मावशीनं स्टुलावरून न उठता तिच्या हातावर हात ठेवला. रोज कुणीतरी असं धावत येत असणार, असा तिचा हात होता.

"लावत्यात सगळीच, ताई," ती म्हणाली. "सवय असती त्यांची. राग मानू नका."